शुद्ध हवेचे अकरा दिवस

पाच किलो कणकेच्या पिशवीला मी पंधरा दिवस अंघोळ घालत होतो. पाणी न ओतता, अर्थात. भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसायचं, पिशवी दोन्ही पायांच्या खोबणीत ठेवायची आणि डावा हात तिच्या मानेखाली. समोर खुर्चीवर सपकाळेताई. त्या आमच्या शेजारी, निवृत्त परिचारिका, आयुष्यभर बाळंतपणं केलेल्या. "सर, मान! मान धरा!" त्या ओरडायच्या. पिशवीला मान कुठून आणू, असं मी म्हटलं की म्हणायच्या, "बाळालाही पहिले तीन महिने नसतेच. धरा."

माझी लेक दीपाली धुळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. पण माहेरी, म्हणजे जळगावच्या दोन खोल्यांत, मी एकटा. शैला, माझी बायको, चार वर्षांपूर्वी गेली. विहीणबाईंनी समजूतदारपणे सांगितलं होतं, "सर, तुम्ही एकटे, तुमची शाळा. आम्ही इथेच करू तिचं सगळं." मी म्हटलं, "माहेर म्हणजे काय फक्त आई असते का?" बोलून गेलो आणि मग त्या वाक्याला धरून बसलो. शैलाच्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवून आणली. डिंक कसा तळायचा ते शिकलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख होती आणि दहावीच्या वेळापत्रकाशेजारी मी ती भिंतीवर लावून ठेवली होती.

वाट वाकडी झाली

डिसेंबर संपता संपता शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या. एका वर्गात साठ पोरं कोंडलेली आणि त्यातली निम्मी खोकणारी. मी विज्ञान शिकवतो, अठ्ठावीस वर्षं झाली, पण संमेलनाला नाटुकलं बसवायचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. चौथ्या दिवशी मला ताप आला. होईल कमी म्हणून दोन दिवस काढे प्यायलो. तिसऱ्या दिवशी जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. सपकाळेताईंनी माझ्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि मला न दाखवता पायात चपला सरकवल्या. "चला, रिक्षा बोलावते."

एक्स-रेवर छातीच्या खालच्या बाजूला पांढरट ढग दिसत होता. डॉक्टर म्हणाले, व्हायरल न्यूमोनिया, भरती व्हा. लोक सांगतात की अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझी काही सरकली नाही. मी बोटांवर आठवडे मोजले. जानेवारी, फेब्रुवारी, म्हणजे नऊ आठवडे आहेत हातात, जमेल. "पूर्वी दमा, अ‍ॅलर्जी काही?" त्यांनी विचारलं. "छे, आयुष्यात नाही. साधी शिंक येत नाही मला," मी ऐटीत सांगितलं. पुढे हेच उत्तर मी आणखी दोन डॉक्टरांना त्याच ऐटीत दिलं.

सहा दिवसांनी सुटलो तेव्हा हातात औषधांची पिशवी आणि ते तीन चेंडूसारख्या गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं होतं. ज्यांना कधी छातीचं दुखणं झालंय त्यांना ते माहीत असेल. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की एकेक गोळी वर उचलली जाते. माझी पहिली जायची, दुसरी लटपटत जायची, तिसरी तळाशी बसून असायची. डॉक्टर म्हणाले होते, तिसरी वर गेली की समजा फुप्फुस कामाला लागलं. मी मनात ठरवलं की तिसरी गोळी वर गेली की दीपालीला आणायला धुळ्याला जायचं.

मळा

माझी थोरली बहीण अक्का दोंडाईच्याजवळच्या एका गावात राहते. गावात म्हणजे मळ्यातच, घर शेताच्या मधोमध. मी घरी आलो त्याच दिवशी तिचा फोन, तिच्या नेहमीच्या अहिराणीत.

"जळगावमा धूळ का कमी शे? त्या धूळमा तू कसा बरा व्हशी? आठे ये. मळामा बठ्ठी मोकळी हवा शे."

जळगावच्या रस्त्यांची धूळ ज्याने खाल्ली आहे त्याला यावर वाद घालता येणार नाही. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला मळ्यात पाठवतात हे अगदी ठरलेलं. माझे वडील टायफॉइडमधून उठले तेव्हा महिनाभर मळ्यातच होते. शाळेतल्या सगळ्यांनी हेच सांगितलं. सपकाळेताई तेवढ्या म्हणाल्या, "दवाखान्याच्या जवळ राहिलेलं बरं," पण त्यांचं मी ऐकलं नाही. पॅसेंजरने गेलो. गाडीत नाकावर मास्क पक्का बांधलेला, खिडकीशी बसलेलो, समोरचा खोकला की तोंड फिरवत होतो. मळ्यात पोहोचलो तर अक्का दारातच उभी. माझ्याकडे बघून हसायला लागली.

"आठे कोणले दखाडस तो मास्क? मकाले? काढी टाक."

मी काढून खिशात घातला, तो पुढचे अकरा दिवस खिशातच राहिला.

घराच्या चारही बाजूंनी मका होता, रब्बीचा, डोक्याच्या वर गेलेला आणि नुकता तुऱ्यावर आलेला. इतका सुंदर मका मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. अक्काने माझी खाट अंगणाच्या कडेला, अगदी पहिल्या सरीला लागून टाकली, म्हणजे सावलीही आणि वाराही. सकाळी उन्हं वर आली की वाऱ्याची झुळूक यायची आणि तुऱ्यांतून पिवळट भुकटी उडायची. चहाच्या कपावर तिची साय धरायची. पांढऱ्या चादरीवर हात फिरवला की बोटं पिवळी. अक्का चादर झटकायची आणि म्हणायची, यंदा दाणा चांगला भरणार.

आता जे सांगतो त्याची मला लाज वाटते. मी विज्ञानाचा शिक्षक. वाऱ्याने होणारं परागण शिकवताना फळ्यावर मी अठ्ठावीस वर्षं मक्याचंच चित्र काढत आलो. वर तुरा, खाली कणसाचे केस, मध्ये ठिपके ठिपके. ते ठिपके म्हणजे परागकण. ऊन चढू लागलं की ते सुटतात, हेही मला पाठ. आणि नेमकं त्याच वेळी, सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, मी त्या सरीत जाऊन उभा राहायचो आणि तीन गोळ्यांचं खेळणं तोंडात धरून पूर्ण छाती भरून श्वास ओढायचो. दिवसातून दहा-दहा वेळा, डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम. ठिपके कुठे जातात हे चित्रात मला माहीत होतं. माझ्या नाकात जाताना मी त्यांना ओळखलं नाही.

शिंका आल्या असत्या, डोळे चुरचुरले असते तर कदाचित सावध झालो असतो. काही म्हणजे काही झालं नाही. उलट भूक लागायला लागली. अक्का भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची. सातव्या दिवशी तिच्या सुनेला सर्दी झाली. नाक वाहतंय, डोकं जड, पण बाई दिवसभर कामाला. दोन दिवसांत ती खडखडीत बरी झाली आणि मला घशात खवखव सुरू झाली.

दहाव्या दिवशी ताप. अकराव्या दिवशी सकाळी मला खाटेवरून उठून दारापर्यंत जाता येईना. अक्का माझ्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघत होती. तिने गावातली जीप मागवली आणि मला धुळ्याला नेलं.

धुळ्याचा वॉर्ड

इथलं फार लिहिणार नाही, कारण फार आठवत नाही. पहिले पाच दिवस मास्कच्या आत माझाच श्वास ऐकत पडलेलो. ऑक्सिजन कोरडा असतो, घशाची कातडी सोलल्यासारखी होते. सकाळी सहाला रक्त काढायला यायचे, सातला अंग पुसायला, आठला वाफ द्यायला. साडेआठला एक मावशी झाडू मारत यायच्या. त्या माझ्या खाटेखाली झाडू घालण्याआधी दर वेळी विचारायच्या, "बाबा, धूळ उडेल, तोंड झाकून घ्या." त्या वॉर्डात माझी परवानगी घेऊन काही करणाऱ्या त्या एकट्या. बरं वाटायचं.

भीती वाटली का? वाटली, आणि चांगलीच वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला वाटलं की आता श्वास घ्यायचं हे काम मला पुढे जमणार नाही, इतका मी दमलो होतो. मरणाबद्दल काही थोर विचार आले नाहीत. फक्त थांबावंसं वाटत होतं, जसं चढणीवर सायकल थांबवावीशी वाटते. मग वाटलं, दुपटी कपाटाच्या कोणत्या खणात ठेवलीत ते दीपालीला सांगितलेलंच नाही. ते सांगेपर्यंत तरी चालवू.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन कमी केला आणि छातीच्या डॉक्टर बाई निवांत बोलायला बसल्या. तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, "पहिल्या न्यूमोनियानंतर कुठे होतात?"

"मळ्यात, शुद्ध हवेला."

"मळ्यात काय पेरलं होतं?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी मका म्हटलं. त्यांनी विचारलं, तुऱ्यावर होता का. मी मान हलवली आणि मान हलवता हलवताच मला फळ्यावरचे ठिपके दिसले. तरी मी हट्टाने म्हणालो, "पण मला अ‍ॅलर्जी नाही."

"सर, अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट," त्या म्हणाल्या. "नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशी असतात ना, त्यांच्यात विषाणू शिरला की त्या काही रसायनं सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. मग बाकीच्या पेशी तयारीत राहतात. हवेत परागकण खूप असले की ही सावध करण्याची क्रिया मंदावते, असं अभ्यासकांना दिसलंय. अ‍ॅलर्जी नसलेल्या माणसांतही. शिंक येत नाही, खाज येत नाही, म्हणून कळतही नाही. तेवढ्यात विषाणू आला तर त्याला आयतं फावतं."

"म्हणजे मक्याने झालं हे?"

"तसं छातीठोकपणे मी नाही सांगणार. तुमचं फुप्फुस आधीच कमजोर होतं, थंडी होती, घरात सर्दीचा माणूस होता. आणि मक्याचा कण जड असतो, फार लांब जात नाही." मग त्या थोडं हसल्या. "पण तुम्ही तर त्याच्यातच खाट टाकून दीर्घ श्वास घेत होतात."

मी त्यांना सांगितलं नाही की मी काय शिकवतो. केसपेपरवर 'शिक्षक' एवढंच लिहिलेलं होतं, ते पुरेसं होतं.

दोन भांडणं

त्याच दुपारी अक्का डबा घेऊन आली. सहा दिवस ती रोज दोंडाईच्याहून बस बदलत येत होती. मी तिला म्हणालो, "तुनी हवानी मारं माले. तुना मकानी मारं."

तिने डबा उघडला, वाटीत वरण काढलं, चमचा ठेवला. मी पुन्हा तेच म्हणालो, जरा मोठ्याने, शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं. ती उठली, पदर सारखा केला आणि गेली. दुसऱ्या दिवशी डबा आला तो भाच्याच्या हातून, आणि त्यानंतर तिचा फोन नाही.

आजारी माणसाला सगळं माफ असतं असं म्हणतात, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. खरं म्हणजे अक्का चौथीपर्यंत शिकलेली. मक्याचे कण वाऱ्याने उडतात हे वर्गात मी शिकवत होतो, ती नाही. मला ते तिथेच, वॉर्डात पडल्या पडल्याच कळलं होतं. पण चूक माझी हे मान्य करायला अंगात थोडं बळ लागतं, ते नव्हतं.

दुसरं भांडण दीपालीशी. तिला आठवा महिना. मी तिला दवाखान्यात पाय ठेवू देत नव्हतो, ती खाली आवारातल्या बाकावर बसून फोनवर बोलायची. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून तिची ओढणी बघायचो. एक दिवस ती म्हणाली, "पप्पा, मी डिलिव्हरी इथेच करते. सासूबाईंशी बोलले."

"मला न विचारता?"

"तुम्हाला धड जिना चढता येत नाही."

"महिना आहे अजून. मी करतो सगळं. मी शिकलोय."

ती मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे माझ्यासाठी करताय की लोकांना दाखवायला?"

मी फोन ठेवला. खिडकीतून बघितलं तर ती तिथेच बसून होती, एक हात पोटावर. मी रडलो. आजाराने माणूस हळवा होतो वगैरे कारण मी देणार नाही. ती खरं बोलली होती, निदान निम्मं तरी, म्हणून रडलो.

पायरीवर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जळगावला परतलो. डॉक्टर बाईंनी ताकीद दिली होती, पूर्ण बरं होईपर्यंत आणि घशाला काही झालं असेल तोपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत जायचं नाही. मोठ्यांची साधी सर्दी तान्ह्याला जड जाते. मी दिवसभर आतल्या खोलीत पडून राहायचो. बाहेर काही करायची इच्छाच नसायची. सगळे म्हणायचे, आता बरे दिसता. बरं दिसणं आणि बरं असणं यांत जे अंतर असतं ते मी रोज मोजत होतो, खाटेपासून मोरीपर्यंत.

महिनाअखेरीला एका सकाळी तिसरी गोळी वर गेली. क्षणभर राहिली आणि खाली आली. दाखवायला घरात कुणी नव्हतं. मी भिंतीवरची तारीख बघितली, मग कढई काढली आणि मास्क बांधून डिंकाचे लाडू केले. दर चार लाडवांनंतर खुर्चीवर बसत केले. सपकाळेताईंनी एक खाऊन बघितला आणि म्हणाल्या, "जरा कडक आहेत, पण बाळंतिणीचे दात शाबूत असतात."

मुलगी झाली. फोटो आला. दोन दिवसांनी दीपालीने व्हिडिओ कॉल केला आणि मला आधी दिसले ते दोन लांब केलेले पाय, पायांवर उताणी नात आणि तिच्या मानेखाली एक ओळखीचा सुरकुतलेला हात. अक्का! मला न सांगता ती धुळ्याला येऊन राहिली होती, दीपालीच्या मालिशीला आणि बाळाच्या अंघोळीला. विहीणबाईंनी तिला अंघोळीचा पाटच देऊन टाकला होता. अक्काने फोनकडे बघितलं नाही. पाण्याची धार धरत बाळाशीच बोलत होती.

"तुना आजा लई शिकेल शे, पन त्याले वारा समजना नही."

दीपाली हसली, मीही हसलो, हसताना खोकला आला.

बाराव्या दिवशी बारसं. मी नवा सदरा घालून, लाडवांचा डबा आणि दुपट्यांची पिशवी घेऊन बसमध्ये बसलो. पारोळ्याच्या अलीकडे कुठेतरी घशात खवखवलं. मी पाणी प्यायलो. पुन्हा खवखवलं. धुळ्यापर्यंत मी स्वतःला समजावत होतो की ही धूळ आहे, रस्त्याचं काम चाललंय, सगळी बस खाकरतेय. रिक्षातून उतरलो, फाटक उघडलं, तीन पायऱ्या होत्या. आतून बायकांचे आवाज येत होते.

मी पहिल्या पायरीवर बसलो. विहीणबाई बाहेर आल्या, "अहो सर, आत या ना!" मी म्हटलं, "नको. घसा धरलाय." त्या एकदम समजल्या. पिशवी आणि डबा त्यांच्या हातात दिला. थोड्या वेळाने दीपालीने आतून खिडकीची काच लावून घेतली आणि काचेपाशी बाळाला धरलं. ती शैलाच्या निळ्या साडीच्या दुपट्यात होती. नाक दीपालीचं, कपाळ कुणाचं ते कळेना. दीपालीच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हात वर केला आणि नुसता बसून राहिलो. कान आतल्या पाळण्याच्या गाण्याकडे होते आणि माझ्या नातीचं नाव मी खिडकीबाहेरून ऐकलं. सई.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

"अक्का," मी म्हणालो, "मनं चुकनं."

"चूप बस. घसा दुखस ना तुना? मंग कायले बोलस?"

मी पाणी प्यायलो. ती आत गेली नाही, मी निघेपर्यंत तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा घसा साफ होता. धूळच असावी. कधी कधी अजून वाटतं, जायला हवं होतं आत. मग वाटतं, नको.

आता

सईला मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती दोन महिन्यांची होती. मान धरली, अगदी शिकवल्याप्रमाणे.

बरं व्हायला लोक सांगतात त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. शाळेत रुजू झालो, पण दुसऱ्या तासाला खुर्चीवर बसूनच शिकवतो. मुख्याध्यापकांनी संमेलन दुसऱ्याकडे दिलं. परागणाचा धडा आला तेव्हा मी नेहमीसारखं मक्याचं चित्र काढलं आणि ठिपके काढता काढता थांबलो. मग एक ठिपका फळ्याच्या कडेला, माणसाचं नाक काढून त्याच्या आत काढला. पोरं हसली. हसू दे, लक्षात तर राहील. माझ्यासारखं कुणी छातीचं दुखणं काढून उठलं असेल आणि सगळे म्हणताहेत म्हणून हवापालटाला गावी निघालं असेल, तर एवढंच विचारून घ्या की तिथे आत्ता फुलोऱ्यात काय आहे. जायचं नाही असं नाही. तेवढे दोन-तीन आठवडे टाळा, नाहीतर नाकाला फडकं बांधा. शेताला वाईट वाटत नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी अक्काचा फोन आला.

"घरना आजूबाजू बठ्ठा हरभरा पेरा यंदा. मकाना एक दाणा नही टाका. आते पोरले आन् नातले लई ये. तिनं माहेरपण आठे करू."

डॉक्टर बाई काय म्हणाल्या ते तिला दीपालीने धुळ्यातच सांगितलं होतं. कण जड असतो, फार लांब जात नाही, हे तिने ऐकून ठेवलं आणि पेरणीला त्याचा उपयोग केला. मी तेच वाक्य दवाखान्यात ऐकून तिच्यावर ओरडलो होतो.

दिवाळी झाली आणि आम्ही गेलो. दीपाली, सई आणि मी. घराच्या चारही बाजूंना हरभरा, घोट्याएवढा, हिरवागार. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात अक्काने अंगणात पाट मांडला, गरम पाणी काढलं आणि दीपालीला म्हणाली, "तुना बापले दे." मी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. माझी सगळी तालीम पाच किलोच्या पिशवीवर झालेली, आणि ही आठ महिन्यांची, उताणी राहायला तयार नाही, तांब्या धरते, माझा मास्क ओढते. अक्का ओरडत होती, दीपाली हसत होती, माझं धोतर आणि सदरा चिंब झाला. मला धाप लागली तेव्हा मी थांबलो. सईसुद्धा थांबली, माझ्या छातीवर ओला हात ठेवून. धाप बसली, तसं मी पुन्हा पाणी घेतलं.

हरभऱ्याच्या पलीकडे, बांध ओलांडून शेजाऱ्याचा मका गुडघ्याएवढा झाला होता. मी रोज सकाळी तिकडे एक नजर टाकायचो. तुरे यायला अजून दीड महिना होता. आम्ही आठ दिवस राहिलो.